एका दुपारचे चार कार्यक्रम

आमच्या वाचनालयात लोकांनी किती पुस्तकं वाचली हे मला गेल्या सतरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. कार्यक्रम किती झाले हे मात्र दर महिन्याला विचारतात. कार्यक्रम झाले तर वाचनालयाचा सरकारी दर्जा, म्हणजे वर्ग, टिकतो, वर्ग टिकला तर अनुदान येतं आणि अनुदान आलं तर माझा पगार होतो. त्यामुळे मी ग्रंथपाल कमी आणि मांडववाली जास्त, असं मी घरी म्हणते. घरचे हसतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मीही हसले होते.

नवी मुंबईतल्या एका सेक्टरच्या मार्केटवर, पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. खाली पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि शिकवणीचा क्लास. वर एक देवघेव विभाग, एक सभागृह म्हणायचं म्हणून सभागृह आणि गच्चीवर पत्रे टाकून केलेली अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळपासून बसलेली असतात. जिन्यात एक फळा आहे. वर 'आगामी कार्यक्रम' असं ऑइल पेंटने कायमचं रंगवलेलं आणि खाली खडूने मी लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे. या नोकरीत माझ्या अक्षराचं जेवढं कौतुक झालं तेवढं दुसऱ्या कशाचंच झालं नाही.

फळ्यावर लिहिलेलं सगळं होतंच असं नाही. पाहुणे येत नाहीत, आचारसंहिता लागते, अध्यक्षांच्या सोसायटीत पूजा निघते. मग ग्रंथालय खात्याच्या तपासणीची तारीख येते आणि रजिस्टरमध्ये चार-पाच कार्यक्रमांची जागा कोरी दिसते. अशा वेळी काय करायचं, ती युक्ती माझीच. हे मी कबूल केलं पाहिजे, कारण नंतर सगळ्यांनी तिचं श्रेय अध्यक्षांना दिलं. एकाच दुपारी सगळे बॅनर छापून आणायचे. अभ्यासिकेतल्या मुलांना खाली बोलवायचं, आणि ती येतातच, कारण न येणाऱ्याची जागा पुढच्या महिन्यात दुसऱ्याला जाऊ शकते हे त्यांना न सांगता कळतं. पहिला बॅनर लावायचा, समई पेटवायची, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा. मग समई विझवायची, शाल परत घ्यायची, घडी करायची, दुसरा बॅनर लावायचा. पुढच्या रांगेतल्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे. जॅकेट असेल तर काढायचं, नसेल तर मैत्रिणीचं घालायचं. पहिल्या वर्षी हे जमलं तेव्हा मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला होता. नारळ तर आम्ही तीन वर्षं एकच वापरला. शेवटी तो आतून वाळून खुळखुळायला लागला.

चाचा आमच्याकडे रोज सकाळी दहाला येत. दार उघडायला मला उशीर झाला तर जिन्यात उभे असत, पण कधी 'उशीर झाला' म्हणाले नाहीत. मूळचे मोऱ्याचे, उरणच्या बाजूचे. तिथून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर त्यांनी आयुष्य काढलं, शेवटची बरीच वर्षं सारंग म्हणून. सारंग म्हणजे लाँचचं सुकाणू ज्याच्या हातात असतं तो. निवृत्त झाल्यावर मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये इकडे राहायला आले आणि बायको गेल्यावर वाचनालयात. उंच, पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा. पेपर वाचताना भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघायचे. मी एकदा विचारलं, आता कशाला बघता? म्हणाले, "सवय हाय, बाई. पानी कुठवर आलंय ते ठाऊक असलेलं बरं."

ज्येष्ठ नागरिकांचे अनुभवकथन असा एक कार्यक्रम आमच्या वार्षिक यादीत दरवर्षी असतो. दरवर्षी त्यात कुणीतरी निवृत्त अधिकारी येऊन आपली बदली कशी अन्यायाने झाली ते सांगतो. त्या वर्षी मी चाचांना विचारलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बोलीन. पन तारीख मी सांगेन ती. माझी मुलगी मस्कतवरून येतेय, ती असताना ठेवा."

मुलगी तिकडे शाळेत शिकवायची. दोन-तीन वर्षांनी एकदा यायची. या खेपेला महिनाभर राहणार होती. मी म्हटलं, मुलीने ऐकावं असं वाटतं का? त्यांनी पेपरची घडी केली. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

मुलगी नऊ वर्षांची असताना एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर लाँचवर आली होती. थंडीचे दिवस होते, निघाल्यावर धुकं पडलं. इतकं दाट की लाँचचं पुढचं टोक दिसेना. बाजूने मोठी जहाजं जायची वाट. पाण्यात तरंगता बोया असतो, त्यावर घंटा असते, लाटेने हलली की वाजते. ती ऐकू आली तर आपण कुठे आहोत ते कळतं. म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. सगळे गप्प बसले. मुलगी घाबरून रडत होती, ती काही थांबेना.

"सुकानू सोडलं आनि तिच्या कानफटात मारली," चाचा म्हणाले. "सगल्या लोकांसमोर. ती गप झाली. मंग घंटा ऐकू आली."

त्या दिवसापासून ती लाँचवर कधी आली नाही. आणि त्यांनी तिला कधी समजावलंही नाही. ती मोठी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. मधूनमधून त्यांनी विषय काढायचा प्रयत्न केला होता.

"घरात सांगायला गेलो का ती म्हनते, जाऊ द्या अब्बा, आनि चहा टाकायला उठते," ते म्हणाले. "माईकवर असलो तर तिला उठून जाता येनार नाय."

हे ऐकून मी फळ्यावर लिहिताना वेगळा, पिवळा खडू घेतला. 'मोरा ते मुंबई : एका सारंगाच्या आठवणी.' तारीख, वेळ, स्थळ. चाचा जिन्यात उभे राहून ते वाचत होते. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आले आणि तिलाही दाखवलं. ती चाळिशीची, चष्मा लावणारी, शांत बाई. "अब्बा भाषण करणार?" ती मला म्हणाली. "घरात तर आठवड्याला चार वाक्यं बोलतात." तिने फळ्याचा फोटो काढून भावाला पाठवला.

ती तारीख गेली. अध्यक्षांना त्या दिवशी बेलापूरला कुणाच्या तरी कचेरीत बसायचं होतं आणि अध्यक्षांशिवाय कार्यक्रम करायचा नाही असा आमचा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे बदलताही येत नाही. मी फळा पुसून दुसरी तारीख लिहिली. त्या दिवशी सभागृह कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाला दिलेलं निघालं. मुलीची परत जायची तारीख जवळ येत होती, एवढं चाचांनी सांगितलं. मग तपासणीचं पत्र आलं आणि अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. तुमचं ते नेहमीचं करून टाकू. शनिवारी सगळे उरका."

शनिवार म्हणजे मुलगी जायच्या आदला दिवस. दुसरा दिवसच नव्हता. मी विचार केला, चार कार्यक्रमांत चाचांचा शेवटचा ठेवू. बाकीचे तीन फोटोपुरते झाले की बॅनर तसाच राहू दे आणि चाचांना बोलायचं तेवढं बोलू दे. अध्यक्ष तोवर निघून जातील. या योजनेवर मी खूश होते. चाचांना मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमच्या आधी तीन खोटे आहेत, तुमचा तेवढा खरा, असं?

शनिवारी दुपारी तीनला सुरू केलं. खालच्या क्लासमधली पोरं आणून बालवाचक मेळावा झाला. मग अभ्यासिकेतल्या मुलींना पुढे बसवून महिला वाचक संवाद झाला. चाचा आणि त्यांची मुलगी साडेतीनलाच येऊन दारात उभे होते. मुलीने पहिल्यांदा समई विझवताना पाहिलं, मग पुन्हा पेटवताना पाहिलं. शिकवणारी बाई ती, तिला काय कळायचं राहिलं असेल? चाचांचं लक्ष नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होते.

तिसरा कार्यक्रम स्पर्धा परीक्षा मार्गदर्शनाचा होता. त्याचे पाहुणे, एका क्लासचे मालक, ऐरोलीहून निघाले होते आणि पोहोचले नव्हते. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "चाचांना घ्या," ते म्हणाले. मी म्हटलं, त्यांना शेवटी ठेवलंय. ते म्हणाले, "शेवटी काय नि आधी काय, मॅडम. फोटो स्टुडिओ सातला बंद होतो."

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मला बोलता येतं, वाचनालयात माझ्या जिभेला सगळे घाबरतात. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर मी सभासदाला जिन्यापर्यंत सोडत नाही. त्या दिवशी मी बॅनर बदलला आणि चाचांना माईकपाशी नेलं.

त्यांनी सुरुवात छान केली. आवाज मोठा होता, इंजिनावरून ओरडून बोलायची सवय. मोऱ्याचा धक्का, ओहोटीला वर येणारा गाळ, लाँच लागेना म्हणून माणसं छोट्या होडीतून न्यायची, बाजाराच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांची भांडणं. अभ्यासिकेतली मुलं हसली, त्यांना हसायला सांगितलेलं नसताना. दुसऱ्या रांगेत मुलगी मोबाइल वर धरून चित्रण करत होती. मग ते म्हणाले, "आता एक दिवसाचं सांगतो. माझ्या मुलीला ठाऊक हाय. पन तिला अर्धंच ठाऊक हाय."

तेवढ्यात क्लासचे मालक आले. दारातूनच नमस्कार करत, मागे दोन माणसं पुष्पगुच्छ घेऊन. त्यांना पाचला दुसरीकडे पोहोचायचं होतं. अध्यक्षांनी फोटोग्राफरकडे बघितलं. तो म्हणाला, "चाचांचा झाला मॅडम, नेक्स्ट." अध्यक्षांनी मला बोटाने वर दाखवलं.

माझ्या हाताला सवय आहे, मी विचार करत नाही. मी स्टुलावर चढले आणि बॅनरची एका बाजूची दोरी सोडायला लागले.

"धुकं असं पडलं का लाँचचं पुढचं टोक दिसंना," चाचा बोलत होते. "इंजिन बंद केलं. मंग सगल्यांना बोललो, आता कोनी तोंडातून आवाज काढायचा नाय."

सभागृह गप्प झालं. मुलं खरंच ऐकत होती. पण त्यांचे डोळे चाचांच्या डोक्यावरून वर जायला लागले, कारण बॅनरचं एक टोक सुटून त्यांच्या मागे लोंबत होतं. चाचांना ते कळलं. ते वळले. मी स्टुलावर, हातात दोरी. आमची नजरानजर झाली आणि मी हसले. का हसले ते मला माहीत नाही. घरी पाहुण्यांसमोर दूध उतू गेलं की मी अशी हसते.

चाचांनी पुन्हा समोर बघितलं. मुलीकडे बघितलं असावं. अध्यक्ष पुढे झाले, "वा, वा, चाचा, फारच सुंदर," म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या झाल्या. नारळ दिला, फोटो झाला. चाचा खाली उतरले तेव्हा मीच त्यांच्या खांद्यावरची शाल काढून घेतली. पुढच्यांना द्यायची होती. त्यांनी नारळही आपणहून माझ्या हातात दिला.

मार्गदर्शन वीस मिनिटं चाललं. क्लासच्या मालकांना कुणी थांबवलं नाही.

सगळं आवरत असताना मुलगी माझ्याकडे आली. चाचा जिन्यात थांबले होते. अध्यक्ष माझ्या बाजूला उभे राहून मोबाइलवर फोटो बघत होते.

"मॅडम, मी अब्बांना विचारलं, पुढे काय होतं," ती म्हणाली. "ते म्हणतात काही नाही, संपलंच होतं. खरंच एवढंच होतं का?"

मी समईतलं तेल पुसायला लागले.

"त्या लाँचमध्ये मी होते," ती म्हणाली. "घंटा वाजली, ते मला माहीत आहे. त्याच्या आधीचं विचारतेय. त्याबद्दल काही बोलणार होते का?"

मला सगळं माहीत होतं. तिचे वडील काय बोलणार होते, का बोलणार होते, माईकवरच का. मी फक्त 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाकीचं तिने जिन्यात जाऊन त्यांच्याकडून काढून घेतलं असतं.

"एवढंच ठरलं होतं," मी म्हणाले. "वेळ कमी होता ना, त्यांना आधीच कल्पना दिली होती."

अध्यक्ष मोबाइलमधून मान वर न करता "हो, हो" म्हणाले.

ती "बरं" म्हणाली. माझे आभार मानले. वडिलांना बोलायची संधी दिल्याबद्दल.

मला अध्यक्षांची भीती वाटली, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. अध्यक्षांना त्या बोलण्यातलं काही कळलंही नसतं. मला त्या बाईसमोर लाज वाटली. आपण काय केलं ते तिच्या तोंडावर कबूल करण्यापेक्षा तिचे वडील मुळात काही बोलणारच नव्हते असं ठरवणं सोपं होतं, आणि मी सोपं ते केलं.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. 'ज्येष्ठांच्या अनुभवकथनास श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.' हे वाक्य मी दरवर्षी लिहिते. त्या वर्षी ते पहिल्यांदाच खरं होतं, ही गोष्ट मला अजून बोचते. मुलं खरंच ऐकत होती.

तपासणी उत्तम झाली. अध्यक्षांनी पेढे वाटले. चाचा नेहमीप्रमाणे सोमवारी दहाला आले, त्यांनीही एक पेढा घेतला, भरती-ओहोटीच्या वेळा बघितल्या. मी आठवडाभर त्यांच्या टेबलाकडे गेले नाही. मग एकदा गेले आणि म्हणाले, "चाचा, चूक झाली. आपण पुन्हा ठेवू. तुमचा एकट्याचा. दुसरं काही नाही त्या दिवशी."

"मुलगी गेली ना, बाई," ते म्हणाले.

"मग फोनवर सांगा तिला."

"रोज बोलतो फोनवर. जेवलीस का, पोरं शाळेत गेली का, तिकडे गरमी किती हाय." त्यांनी चष्मा पुसला. "त्याच्यात हे कुठं घालू?"

मी तिला सांगू का, असं मी विचारायला हवं होतं. हजेरीच्या वहीत तिने सहीपुढे नंबर लिहिलेला आहे, व्यवस्थित, देशाच्या कोडसकट. ती वही माझ्या कपाटात असते. मी त्या पानापर्यंत दोनदा गेले. एकदा नंबर मोबाइलमध्ये टाकलाही. मग वाटलं, काय सांगणार? तुमच्या वडिलांना तुमची माफी मागायची होती, आणि मी खोटं बोलले? पहिलं वाक्य सांगायचं तर दुसरं सांगावंच लागतं. मी नंबर पुसून टाकला.

यंदा पुन्हा तपासणीचं पत्र आलं. अध्यक्षांनी जुना अल्बम चाळला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. चाचा माईकपाशी उभे, एक हात वर, तोंड उघडं, मागे बॅनर अजून सरळ. "हे चाचा पुन्हा बोलवा," ते म्हणाले. "फोटोत भारदस्त दिसतात."

मी चाचांच्या टेबलापाशी गेले. ते आता जरा वाकले आहेत. मी सांगितलं, या शनिवारी अनुभवकथन आहे, अध्यक्ष तुमची आठवण काढत होते. मुलगी येणार आहे का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, गिरणीत दळण कधी मिळेल ते विचारावं तसं, विचारलं, "बोलायचं हाय, का नुसतं उभं ऱ्हायचं हाय?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. मला तो हवा होता. तो नव्हता.

"बोलायचं असंल तर दुसरा कोनी बघा," ते म्हणाले. "उभं ऱ्हायचं असंल तर येतो. तुमची अडचन नको."

मी म्हणाले, "उभंच राहायचंय, चाचा."

"मंग येतो," ते म्हणाले आणि किती वाजता ते विचारलं.